कर्करोगाच्या उपचारानंतरची देखरेख फॅमिली डॉक्टरांकडे सोपवताना

उपचार संपून तीन-चार वर्षे झाली तरी परभणीच्या रुग्णाला दहा मिनिटांच्या तपासणीसाठी देवगिरी एक्स्प्रेसमध्ये रात्र काढून मुंबई गाठावी लागते, आणि मजुरी बुडू लागली की तो जाणेच सोडून देतो. अशी देखरेख जवळच्या डॉक्टरांकडेही नीट होऊ शकते. सुरुवातीच्या टप्प्यातील स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या 968 महिलांच्या, 2006 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासात, फॅमिली डॉक्टरांकडे आणि तज्ज्ञांकडे तपासणी होणाऱ्या गटांत आजार उलटल्यावरच्या गंभीर गुंतागुंतींचे प्रमाण जवळपास सारखेच आढळले.

मात्र देखरेख सोपवण्याचा निर्णय आधी कर्करोगतज्ज्ञांनी घ्यावा, आणि त्यांच्याकडून एक पानाचा सारांश अवश्य लिहून घ्यावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेले, घड्यांवर फाटलेले तीस-चाळीस कागद गर्दीच्या ओपीडीत कोणीही वाचू शकत नाही. आजाराचा टप्पा, शस्त्रक्रियेची तारीख, केमोच्या औषधांची नावे व एकूण मात्रा (डॉक्सोरुबिसिनचा परिणाम हृदयावर पुढे कित्येक वर्षांनीही दिसू शकतो), रेडिएशन कोणत्या भागाला दिले आणि चालू गोळ्या कधीपर्यंत घ्यायच्या, एवढे त्यात हवे.

स्तनाच्या कर्करोगानंतर पहिली तीन वर्षे दर 3 ते 6 महिन्यांनी, पुढची दोन वर्षे 6 ते 12 महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा तपासणी करावी, मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) दरवर्षी. तक्रार नसताना पेट स्कॅन (शरीरभर कर्करोग शोधणारा स्कॅन) किंवा ट्यूमर मार्करवर (कर्करोगाचा माग काढणाऱ्या रक्ततपासण्यांवर) पैसे घालवू नयेत. टॅमॉक्सिफेन (स्तनाचा कर्करोग उलटू नये म्हणून दिली जाणारी गोळी) चालू असताना, पाळी बंद झालेल्या बाईला रक्तस्राव झाला तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे लगेच पाठवावे.

तंबाखू-गुटख्यामुळे आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण फार आहेत, त्यांच्याबाबत मला विशेष काळजी वाटते. मानेला रेडिएशन झाले असल्यास दर 6 ते 12 महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासावे, आणि दाढ कितीही ठणकली तरी रेडिएशन देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती काढू नये, कारण रेडिएशन झालेल्या जबड्याची जखम न भरण्याचा आणि हाड सडू लागण्याचा धोका असतो. तंबाखू सुटली का, हे प्रत्येक भेटीत विचारावे.

देखरेख सोपवल्यानंतर पहिले वर्ष एक भेट तज्ज्ञांकडे, एक फॅमिली डॉक्टरांकडे, अशी आलटून पालटून ठेवावी. नवी गाठ, न थांबणारे हाडाचे दुखणे, दम लागणे किंवा कारणाविना वजन घटणे दिसताच पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णाला छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा जिथे मूळ उपचार झाले तिथे पाठवावे; कोणाला फोन करायचा, तो क्रमांक सारांशाच्या पानावरच लिहून घ्यावा.