खांद्यावरचे स्टार बघून पोलिसांची रँक कशी ओळखायची आणि तक्रार कुणाकडे न्यायची

पोलीस स्टेशनला गेलं की समोर नक्की कोण बसलंय हेच आपल्याला कळत नाही, सगळ्यांना साहेब म्हणून मोकळे होतो. तर आधी खांदा बघा. एक स्टार आणि लाल-निळी फीत म्हणजे एएसआय (सहायक उपनिरीक्षक), दोन स्टार आणि तीच फीत म्हणजे पीएसआय (उपनिरीक्षक). हवालदार, शिपाई त्यांच्या खालचे.

खरा घोळ होतो तो तीन स्टारला. फीत असेल तर इन्स्पेक्टर पातळीचा अधिकारी, आणि फीत नसेल तर डीवायएसपी (उपअधीक्षक), शहरात त्यालाच एसीपी (सहायक आयुक्त) म्हणतात, म्हणजे एवढ्याशा फितीवरून अख्खी एक पायरी बदलते, हे नीट लक्षात ठेवा. त्याच्या वर अशोकस्तंभ दिसायला लागतो, अशोकस्तंभ आणि एक स्टार म्हणजे एसपी (पोलीस अधीक्षक). तलवार आणि बॅटनची फुली दिसली तर आयजी (महानिरीक्षक) किंवा त्याहून वरचे.

आता कामाचं. एफआयआर घेत नसतील तर वाद घालत बसू नका, आधी स्टेशनच्या इन्चार्जला भेटा. तरी नाही झालं तर बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 173(4) प्रमाणे एसपीला लेखी तक्रार पोस्टाने पाठवता येते, कमिशनरेट (पोलीस आयुक्तालय) असेल तर डीसीपीला (उपायुक्तांना), आणि तिथेही दाद नाही मिळाली की मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. पोस्टाची पावती आणि अर्जाची कॉपी मात्र जपून ठेवा, मॅजिस्ट्रेटसमोर तीच दाखवावी लागते.