रोटरीतल्या फेलोशिप : नव्या सदस्यानं शिरावं कुठे आणि कसं

रोटरी या सेवासंस्थेच्या क्लबात नवा माणूस आला की त्याला सभा, प्रोजेक्ट, वर्गणी आणि डिस्ट्रिक्टचे, म्हणजे परिसरातल्या अनेक क्लबांचे मिळून होणारे, कार्यक्रम याच गोष्टी सांगितल्या जातात. जगभरातल्या रोटेरियन मंडळींचे, म्हणजे रोटरीच्या सदस्यांचे, छंदागणिक गट आहेत आणि त्यांना 'फेलोशिप' म्हणतात, हे त्याच्या कानावर उशिरा पडतं. मी हौशी रेडिओच्या, म्हणजे छंद म्हणून वायरलेसवर लोकांशी बोलण्याच्या, नादानं अशा एका गटात पोचलो आणि नव्यांना तेच सांगतो : गट छंदासाठी निवडा, ओळखी आपोआप होतील. उलट केलंत तर दोन्ही हुकतं.

या गटांची मुळं जुनी आहेत. 1928 मध्ये एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेची आवड असलेले रोटेरियन एकत्र आले, तिथून ही कल्पना निघाली. 1947 मध्ये काही नौकाप्रेमींनी आपल्या बोटींवर रोटरीचा झेंडा लावायला सुरुवात केली. त्यांची फेलोशिप आजही चालू आहे आणि अखंड चाललेल्यांत तीच सर्वांत जुनी. त्यांच्या स्थानिक शाखेला 'फ्लीट' म्हणतात आणि प्रमुखाला 'कमोडोर'. आज असे शंभराच्या आसपास गट आहेत : सायकल, बुद्धिबळ, क्रिकेट, विमान उडवणं, टपाल तिकिटं, शिवाय डॉक्टर-वकिलांसारखे व्यवसायावर उभे राहिलेलेही.

इथे एक गल्लत नेहमी होते. पाणी, आरोग्य अशा विषयांतले जाणकार क्लबांना सेवाप्रकल्पांत मदत करतात, ते 'अ‍ॅक्शन ग्रुप' वेगळे. फेलोशिपचा पाया मैत्री आणि समान आवड हा आहे. तिथूनही सेवाकार्य उभं राहतं, पण नसेल राहिलं तर गट फुकट गेला असं मी मानत नाही.

रोटरी इंटरनॅशनल या गटांना मान्यता देतं, कारभार मात्र ज्याचा त्याचा. नियम वेगळे, पदाधिकारी वेगळे, वर्गणीही वेगळी. कुठे वार्षिक, कुठे तहहयात. म्हणून पैसे भरण्याआधी गट जिवंत आहे का ते बघा. वेबसाइटवरची शेवटची बातमी कधीची आहे? वार्तापत्र निघतं का? पुढचा कार्यक्रम जाहीर झालाय का? मग सचिवांना मेल टाका. 'मला सदस्य व्हायचं आहे, माहिती पाठवा' अशा मेलला छापील उत्तर येतं, तेही आलं तर. त्याऐवजी असं लिहा : 'मी अमुक क्लबचा नवा सदस्य. दहा-बारा किलोमीटरपर्यंत सायकल चालवतो, लांबचा पल्ला कधी केलेला नाही. नवख्यांना झेपेल अशी राइड यंदा कुठे आहे?' प्रश्न नेमका असला की उत्तर देणाऱ्यालाही हुरूप येतो. तरीही महिनाभर सामसूम असेल तर खुशाल दुसरा गट बघा.

आत शिरल्यावर घाई नको. आमच्या रेडिओवाल्यांत ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर 'नेट', म्हणजे रेडिओवरची बैठक, भरतं. संचालक एकेकाला पुकारतो. आपली पाळी आली की कॉलसाइन (आपल्या रेडिओ केंद्राचं सांकेतिक नाव), नाव, गाव आणि सिग्नल कसा ऐकू येतोय एवढंच सांगून गप्प बसायचं. खरखरीतून कुणाचं तरी अर्धंच नाव ऐकू येतं, मग तिसराच कुणी ते पुन्हा सांगतो. लांबलचक परिचय करून देणारा नवखा तिथे कुणालाच आवडत नाही. सदस्ययादी हाती आली म्हणून आपल्या धंद्याची पत्रकं पाठवणारा तर अजिबातच नाही. यादीचा तसा वापर करायला परवानगीही नसते.

दरवर्षीच्या आंतरराष्ट्रीय अधिवेशनात 'हाउस ऑफ फ्रेंडशिप' नावाचं दालन असतं. तिथे फेलोशिपचे स्टॉल शेजारी शेजारी लागतात. जाणं जमलंच तर भाषणांतून वेळ काढून तिथे अर्धा दिवस घालवा. मेलवर जे कळत नाही ते स्टॉलवरच्या माणसांशी पाच मिनिटं बोलून कळतं.

एका वेळी एकच गट पुरे. चार ठिकाणी वर्गणी भरून एकाही ठिकाणी न फिरकणारे सदस्य हीच बहुतेक सचिवांची डोकेदुखी. घरच्यांना रस असेल तर त्यांनाही घ्या. कुटुंबीय आणि रोटरॅक्टर, म्हणजे रोटरीच्या तरुणांच्या क्लबांतले सदस्य, यांना दार उघडं असतं. आणि तुमच्या छंदाचा गटच नसेल तर नवा काढता येतो, फक्त त्यासाठी वेगवेगळ्या देशांतले सदस्य लागतात. तेव्हा अर्जाला हात घालण्याआधी परदेशी क्लबांशी पत्रव्यवहार सुरू करा.