वाड्यातली बशी चिनी की विलायती? आधी बूड पाहा

विदर्भातल्या जुन्या मालगुजारी वाड्यांत, देशमुखांच्या फडताळांत निळी-पांढरी बशी, झाकणाचं भांडं, कान नसलेला पेला असं काही ना काही अजून निघतं. घरातले त्याला सरसकट चीनहून आलेलं समजतात. त्यातलं बरंचसं इंग्लंड-हॉलंडच्या कारखान्यांतलं असतं. खरं चिनी काय ते चित्रापेक्षा बूड जास्त खात्रीनं सांगतं.

ओट्यावर गोधडी अंथरा, अंगठ्या-बांगड्या काढून ठेवा. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि मोबाइलचा टॉर्च एवढं पुरे. भांडं दोन्ही हातांनी, बुडाला आधार देऊन उचला. कान किंवा झाकणाची मूठ धरून उचलू नका. जुनी जोड बहुधा तिथेच असते.

आता भांडं पालथं घाला. जिंगदेझेन या चीनमधल्या भांड्यांच्या मोठ्या केंद्राच्या पोर्सिलेनमध्ये, म्हणजे पांढऱ्या घट्ट चिनी मातीच्या भांड्यांत, बुडाची टेकणारी गोल कड बिनझिलईची असते. भट्टीत झिलई वितळून भांडं खाली चिकटू नये, म्हणून तेवढी जागा पुसून काढत. झिलई संपते तिथे अनेकदा तांबूस-नारिंगी रेघ दिसते, कधी वाळूचे कणही चिकटलेले असतात. इंग्लिश मातीच्या बशीची कड मात्र सहसा झिलईनं झाकलेली असते, आणि बुडाशी तीन-तीन बारीक टोचे सापडतात. ते भट्टीत भांडं ज्यांवर टेकवत त्या तिकाटण्यांचे. टवका उडाला असेल तर तिथे पाण्याचा थेंब ठेवा. केओलिन, म्हणजे पांढरी चिनी माती, आणि चिनी दगडाची पूड सुमारे १३०० अंशांवर भाजून काचेसारखी घट्ट होते, ती थेंब शोषत नाही. कमी तापलेली माती शोषते.

अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च लावला की पातळ पोर्सिलेनमधून बोटाची सावली दिसते. पण हाडांची राख घालून केलेल्या इंग्लिश बोन चायनातूनही दिसते, तेव्हा नुसत्या उजेडावर निकाल देऊ नका.

मग भिंग निळ्या रंगावर धरा. कुंचल्याच्या कामात रंग कुठे गडद साचतो, कुठे विरळ होतो. छापील कामात नक्षी कागदावरून उतरवत, म्हणून त्यात सारख्या जाडीच्या रेघा, ठिपके आणि काठाच्या नक्षीत कुठेतरी कागदाचा न जुळलेला सांधा सापडतो. झुकलेलं झाड, पुलावर तीन माणसं आणि वर दोन पक्षी हा देखावा चिनी वाटतो, पण नमुना १८ व्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात रूढ झाला. गुलाबी, हिरवे रंग झिलईच्या वर असतील तर बोटाला किंचित उंचवटा लागतो. त्यातला गुलाबी रंग सोन्यापासून बनवत. असा पुष्कळ माल जिंगदेझेनहून पांढराच ग्वांगझूला, म्हणजे इंग्रजांच्या कँटनला, यायचा आणि गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे तिथे रंगवला जायचा.

१७५७ ते १८४२ पाश्चात्त्य जहाजांना व्यापारासाठी चीनचं तेवढं एकच बंदर खुलं होतं. खरा माल चहाचा. पोर्सिलेनच्या पेट्या खाली रचत, कारण त्या ओलीनं खराब होत नाहीत आणि जहाजाला वजन देतात. मुंबईहून तिकडे कापूस जायचा, मुख्यतः गुजरातचा, आणि पुढे अफू. नागपूरला रेल्वे आली १८६७ मध्ये. तोवर इंग्लिश छापील भांडी स्वस्त होऊन बाजारभर पसरली होती, त्यामुळे आपल्याकडच्या फडताळात तीच जास्त निघावीत हे साहजिक आहे.

बुडावरच्या चिनी अक्षरांवर भाळू नका. जुन्या राजवटींच्या मुद्रा नंतरच्या मालावर सर्रास घालत, आणि १८ व्या शतकातल्या निर्यातीच्या बऱ्याच मालावर काहीच खूण नसते. रोमन अक्षरांत ‘चायना’ असेल तर वस्तू बहुधा १८९१ नंतरची: अमेरिकेच्या १८९० च्या कायद्यानं १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. ‘मेड इन चायना’ सहसा २० व्या शतकातलं.

धुताना राख, लिंबू, चिंच वर्ज्य. झिलईवरच्या रंगांत शिसं असतं, आंबटानं ते सुटतं आणि रंग मरतो. म्हणून अशा भांड्यात लोणचं-कढी वाढू नका. प्लॅस्टिकच्या टबात टॉवेल घालून कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ ब्रश; एका वेळी एकच नग. टिनाखाली तापलेलं भांडं लगेच थंड पाण्यात बुडवू नका, जुनी भेग वाढते. तारेचे टाके मारलेलं भांडं तर भिजत घालूच नका, ओल्या कापडानं पुसा. टाके काढायच्या भानगडीत पडू नका, तो भांड्याचा इतिहास आहे.

फुटलं तर सुपरग्लू नको. ते क्षणात धरतं, जोड केसभर सरकली तरी शेवटचा तुकडा बसत नाही. सगळे तुकडे, चुराही, वेगवेगळ्या सुती कापडात गुंडाळून जुन्या वस्तू जतन-दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या. नेताना ताटल्या आडव्या रचू नका. मध्ये कापड घालून उभ्या ठेवल्या की गाडीचे धक्के सोसतात. आणि १०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. ती परदेशी पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकार आणि त्यानं नेमलेल्या यंत्रणेलाच आहे, परदेशातल्या भाच्याला भेट म्हणूनही आपल्याला पाठवता येत नाही.