स्कॅन केलेला सरकारी कागद तपासायला घेण्याआधी

बेळगाव जिल्ह्यातला, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडचा जमिनीचा कागद हल्ली पतसंस्थेत किंवा वकिलाकडे आधी व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. त्यावर तपासणी करू नका. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, कॅमेऱ्याची नि तारखेची माहितीही उडवतं. मग खाडाखोडीच्या खुणा ओळखू येत नाहीत. पक्षकाराकडे ज्या फाईलवरून तो पाठवला ती जशीच्या तशी मागा, शिवाय कागदही मागवून 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) रंगीत स्कॅन करा आणि टिफमध्ये, म्हणजे चित्र न बिघडवणाऱ्या फाईलमध्ये, ठेवा. दोन्ही फाईलींचे एसएचए-256 हॅश, म्हणजे फाईल जराही बदलली तर बदलणारा तिचा ठसा, लिहून घ्या, काम नेहमी प्रतीवर करा.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी त्याच कचेरीचा, त्याच काळातला एक खात्रीचा कागद मिळवा. त्याच्याशिवाय शिक्का बरोबर की चूक, हे ठरवणार कशावरून?

आपल्या भागात तारखाच बरंच सांगून जातात. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, पुढे म्हैसूर राज्यात. कर्नाटक हे नाव आलं 1 नोव्हेंबर 1973 ला. म्हणजे 1965 च्या शिक्क्यात ‘कर्नाटक सरकार’ दिसलं तर तिथेच थांबा. पिनकोड 1972 चा. इंग्रजी शिक्क्यातलं ‘बेलगाम’ जाऊन ‘बेळगावी’ झालं 2014 मध्ये, म्हणून 2009 च्या दाखल्यावर नवं स्पेलिंग असेल तर तो त्या वर्षी छापलेला नाही. कर्नाटक सरकारच्या भूमी प्रकल्पात पहाण्या, म्हणजे सातबाऱ्यासारखे जमिनीचे उतारे, 2005 च्या आधीच संगणकावर गेल्या, तेव्हा 2005 ची हाती लिहिलेली पहाणी पुढे आली तर ती कुठून आली ते विचारा.

मग शिक्का मोठा करून पाहा. रबरी शिक्क्याची शाई कागदात मुरते, कडेला जाड होते, मध्ये कुठे तरी फिकट पडते. रंगीत प्रिंटरवर छापलेला शिक्का मात्र निळ्या, गुलाबी, पिवळ्या बारीक ठिपक्यांचा दिसतो, आणि तो अक्षरांच्या वर आहे की खाली हे कळत नाही. दोन कागदांवरच्या सह्या एकावर एक ठेवून तंतोतंत बसल्या, तर एक दुसरीवरून उचलली असण्याचा दाट संशय घ्या. माणूस तशी सही दोनदा करत नाही.

एरर लेव्हल अ‍ॅनालिसिस (फोटो पुन्हा दाबून कुठला भाग वेगळा उजळतो ते पाहणारी तपासणी) फक्त मिळालेल्या जेपेगवर, म्हणजे फोटोच्या मूळ दाबलेल्या फाईलवर, करा. छापून परत स्कॅन केलेल्या कागदात जुन्या फेरफाराचा माग त्यात सापडत नाही. शिवाय काळ्या अक्षरांच्या कडा तशाही उजळ दिसतात. उजळ दिसलं म्हणून खोटं म्हणू नका. शेजारच्या दोन ओळी सारख्याच असून एकच आकडा वेगळा उजळला, तर तिथे बोट ठेवा.

एक गोष्ट मनापासून सांगते. तलाठ्याने दुसऱ्या शाईने दुरुस्ती करून खाली सही केलेली असते, मोडीतल्या जुन्या कागदावर डाग असतात. यंत्राला हे सगळं संशयास्पद वाटतं, आणि त्यावर विसंबून एखाद्या शेतकऱ्याचं कर्ज अडवणं अन्याय आहे. संशयाची जागा लिहून काढा, पण ‘बनावट’ असा शेरा मारू नका. त्याच दिवशी तालुका, होबळी (तालुक्यातला गावांचा महसुली गट), गाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर घालून तहसीलदार कचेरीत प्रमाणित नकलेचा अर्ज द्या. अर्जाच्या पोचपावतीची एक प्रत फाईलला लावा, दुसरी शेतकऱ्याच्या हातात द्या.