विंडोज १० वर जुना स्कॅनर: 'डिजिटल सही नाही' म्हणून ड्रायव्हर बसत नसेल तर

आजोबांच्या कपाटातले जुने सातबारे स्कॅन करायचे होते. स्कॅनर विंडोज व्हिस्टाच्या काळातला, पीसी २ जीबी रॅमचा, विंडोज १० (३२ बिट). लक्षण असं: डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी) स्कॅनरच्या नावापुढे पिवळा त्रिकोण, आणि ड्रायव्हर, म्हणजे स्कॅनर चालवणारं सॉफ्टवेअर, बसवणारा सीडीवरचा सेटअप 'डिजिटल सही नाही' (बनवणाऱ्याची खात्री पटत नाही) म्हणून मध्येच बंद.

केबल बदलली, कॉम्पॅटिबिलिटी मोड (जुन्या विंडोजसारखं चालवणं) लावला, सेटअप तीनदा चालवला. दोन रविवार पाण्यात.

शेवटी जमलं ते या क्रमाने. स्कॅनरच्या पोटाशी प्रवासात आतली सरकती दांडी अडकवायचं कुलूप असतं, ते आधी उघडा. नाहीतर चालू केल्यावर नुसतं कर्र कर्र. केबल हबमध्ये नको, थेट कॅबिनेटच्या मागच्या पोर्टात. मग शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट क्लिक करा. ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट. यादी आली की ७ दाबा, म्हणजे सहीची सक्ती तेवढ्यापुरती उठते. आता सेटअपच्या वाटेला जाऊ नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणावर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, ब्राउझ माय कॉम्प्युटर, लेट मी पिक, हॅव डिस्क, आणि सीडीतली .आयएनएफ (.inf) फाइल, म्हणजे ड्रायव्हर बसवायच्या सूचनांची फाइल. लाल इशारा येईल, 'तरीही इन्स्टॉल करा' म्हणा.

पुढच्या रीस्टार्टला सक्ती परत लागू होते, पण माझा स्कॅनर चालूच राहिला. ड्रायव्हर ३२ बिटचा आणि विंडोज ६४ बिटचं असेल, तर मात्र ही युक्ती चालणार नाही.