महिन्याचा किराणा कमी पैशात बसवायचा तर यादी डब्यांवरून करा

पगार झाला की आधी किराणा भरायचा ही आपल्याकडची सवय चांगलीच आहे, फक्त बऱ्याच घरात यादी दुकानात उभं राहून होते आणि मग समोर जी ऑफर दिसेल ते ट्रॉलीत पडतं. त्यापेक्षा महिनाअखेरीला घरातले सगळे डबे उघडून बघा, तूरडाळ किती उरली, साखर किती, कपड्याच्या साबणाच्या वड्या किती, आणि फ्रीजवर एक कागद चिकटवून ते लिहून ठेवा. दोन-तीन महिने असं केलं की आपल्या घराला तेल नक्की किती लागतं, पोहे किती लागतात हे कळतं. हे एकदा कळलं की "दोन घ्या तीन मिळवा" वगैरे बघून मन हलत नाही, कारण आपल्याकडे शॅम्पू अजून दीड महिना पुरणारे हे माहीत असतं.

आता सगळ्यात जास्त पैसे कुठे वाचतात तर हंगामात. गहू मार्च-एप्रिलमध्ये नवा येतो, नवीन तूर डिसेंबर-जानेवारीपासून बाजारात यायला लागते म्हणजे डाळही त्यानंतर, हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये, सुक्या मिरच्या आणि चिंच उन्हाळ्याच्या तोंडावर, लसूण पण साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. आपल्या आई-आज्या उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायच्या ते उगाच नाही. पण हे सांगणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी की ज्याचं बजेट टाइट आहे त्याच्याकडे एप्रिलमध्ये एकदम पोतं घ्यायला पैसे असतीलच असं नाही. त्यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही चालतात. एक म्हणजे बिल्डिंगमधल्या किंवा गल्लीतल्या दोन-तीन घरांनी मिळून भुसार बाजारातून पोतं आणायचं आणि घरी वाटून घ्यायचं. टेम्पोचं भाडं वाटलं जातं आणि रेट पण होलसेलच्या जवळचा मिळतो. दुसरा म्हणजे भिशी. भिशी असेल तर आपला नंबर मार्च-एप्रिलमध्येच मागून घ्या, दिवाळीत नको, ते पैसे थेट गहू आणि डाळीत घाला. धान्य आणलं की एकदा कडक ऊन द्या आणि पूर्ण गार झाल्यावरच भरा, गरम भरलं तर आत दमट होतं. गव्हात कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला, तूरडाळीला एरंडेलाचा हात लावा.

कांद्याचं वेगळं आहे. मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळी कांदा टिकतो, पावसाळी लाल कांदा टिकत नाही. त्यामुळे साठवायचा असेल तर उन्हाळीच घ्या, कोरडा, मान बारीक असलेला, आणि पोत्यात कोंबून न ठेवता हवेशीर पसरून ठेवा. ऑगस्ट-सप्टेंबरनंतर भाव बऱ्याचदा चढतात तेव्हा हाच कामाला येतो.

तेल घेताना मात्र चष्मा लावून पाकीट वाचा, खरंच. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम असतं, पण बाजारात ८५०, ८०० ग्रॅमच्या पिशव्याही असतात आणि शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक कळत नाही. समजा एक लिटरची पिशवी १४० ला आहे आणि ८०० ग्रॅमची १३० ला, तर आपला हात १३० कडे जातो. हिशोब केला तर पहिली पडते किलोला साधारण १५४ आणि दुसरी १६२ रुपयांच्या वर. डब्याचंही तसंच, १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा यात जवळपास १३५० ग्रॅमचा फरक आहे, म्हणून दुकानदाराला "डबा कितीला" असं विचारू नका, "किलोला कसा पडतो" असं विचारा. आता पाकिटावर एमआरपीच्या जवळ एका ग्रॅमचा किंवा एका मिलीचा भाव छापलेला असतो, बारीक अक्षरात असतो पण असतो, तोच बघायचा. बिस्किटं, साबण, चहा पावडर सगळ्याला हेच लागू. मोठं पाकीट नेहमी स्वस्तच पडतं असंही नाही.

डाळ, तांदूळ, रवा सुटा मिळत असेल आणि दुकान स्वच्छ असेल तर सुटाच घ्या. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबलवाल्या पाकिटबंद धान्य-डाळीला ५ टक्के जीएसटी लागला, सुट्याला नाही. पण हळद-तिखट सुटं आणि तेल सुटं अजिबात नको, त्यात भेसळ ओळखता येत नाही. बेसन तर हरभरा डाळ आणून गिरणीतूनच दळून आणा. तूरडाळ महाग झाली की आमटीत अर्धी मसूर किंवा मूग घाला, फोडणी नीट दिली की घरात कोणी ओरडत नाही, आणि आठवड्यातून दोनदा मटकीची उसळ आणि कुळथाचं पिठलं ठेवलं की डाळीचा खर्च आपोआप उतरतो.

भाजी आठवडे बाजारातून घ्या आणि बाजार उठायच्या वेळेला जा, तेव्हा वाट्यावर देतात. पालेभाजी तेव्हा जरा मलूल असते पण त्याच रात्री निवडून ठेवली तर काही बिघडत नाही. पितृपक्षात गवार, भेंडी, कारली, लाल भोपळा चढतात, मार्गशीर्षातल्या गुरुवारी फळं चढतात, त्या दिवसात कोबी, दुधी, कडधान्य असं काहीतरी चालवा.

वाण्याकडे उधारीची वही असेल तर ती बंद करायची घाई करू नका, अडचणीला तोच उभा राहतो. फक्त वस्तू घेतानाच भाव विचारून आपल्याही वहीत लिहा, महिनाअखेरीला एकदम बेरीज बघितली की काय कितीला लागलं ते विचारता येत नाही.

आणि रेशन. लाज वाटून सोडू नका, ते आपल्या हक्काचं आहे. कार्ड प्राधान्य कुटुंबात असेल तर माणशी ५ किलो धान्य, अंत्योदय असेल तर कार्डामागे ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. चौघांच्या घराला २० किलो म्हणजे यादीतला केवढा मोठा भाग कमी झाला बघा. गाव सोडून शहरात कामाला आला असाल तरी त्याच कार्डावर इथल्या दुकानात धान्य मिळतं, फक्त घरातल्या प्रत्येकाचं केवायसी अंगठा देऊन झालंय का ते दुकानदाराकडे विचारून घ्या, लहान मुलांची नावं आधारला जोडलेली आहेत का तेही बघा, आणि धान्य मोजून झालं की मशीनची पावती मागून त्यावरचा आकडा वजनाशी ताडून मगच पिशवी उचला.