घोळणा फुटला तर नाक कुठे आणि किती वेळ दाबावे

एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात विदर्भ-मराठवाड्यातल्या शाळकरी मुलांचा घोळणा फुटणे ही काही नवलाची गोष्ट नाही, आणि त्यानंतर घरात उडणारी धांदलही ठरलेलीच असते: कोणी मुलाला उताणे निजवते, कोणी डोक्यावर गार पाणी ओतते, तर कोणी कांदा फोडून नाकाशी धरते. कांद्याने फारसे बिघडत नाही, मात्र त्यात मोलाची मिनिटे वाया जातात. उताणे निजवल्याने मात्र खरोखरच अपाय होतो. रक्त पुढून दिसेनासे झाले म्हणजे थांबले असे वाटते, पण ते घशातून पोटात उतरत राहते, पोट ढवळते आणि थोड्या वेळाने रक्ताची उलटी झाली की घरच्यांचे उरलेसुरले अवसान गळते.

घोळणा फुटण्याच्या दहापैकी सुमारे नऊ प्रसंगांत रक्त येते ते दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या पुढच्या भागातून. तिथे अनेक बारीक रक्तवाहिन्या एकत्र येऊन जाळे तयार होते आणि त्यांच्यावरचे अस्तर फार पातळ असते. शिवाय बोट सहज पोहोचते तीही हीच जागा. हवा कोरडी झाली, एसी रात्रभर चालला, सर्दीने नाक सारखे शिंकरावे लागले किंवा खपली नखाने काढली, की हे अस्तर फाटते. ‘अंगात उष्णता वाढली’ असे म्हणून आपण मोकळे होतो, पण मुलांच्या बाबतीत खरा दोष बहुधा नाकात जाणाऱ्या बोटाचा असतो.

रक्त येऊ लागताच माणसाला ताठ बसवून मान किंचित पुढे झुकवण्यास सांगावे. त्यानंतरची कृती सोपी असली तरी बहुतेकांची चूक तिथेच होते, कारण चष्मा टेकतो ते वरचे हाड दाबले जाते आणि त्याचा काहीही उपयोग होत नाही. नाकाच्या दांडीवरून बोट खाली सरकवत न्यावे. हाड संपून मऊ भाग सुरू झाला की तिथून खालच्या दोन्ही नाकपुड्या अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत घट्ट धराव्यात. रक्त एकाच बाजूने येत असले तरी दोन्ही बाजू दाबाव्यात. श्वास तोंडाने घ्यावा आणि तोंडात आलेले रक्त न गिळता थुंकावे. घड्याळ समोर ठेवून पूर्ण 10 मिनिटे चिमटी सोडू नये. दर अर्ध्या मिनिटाला ‘थांबले का?’ म्हणून सोडून पाहिले, तर जमू लागलेली गुठळी प्रत्येक वेळी सुटते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. 10 मिनिटांनंतरही रक्त येत असेल तर आणखी 10 मिनिटे दाबावे. कोरडा कापूस मात्र कोंबू नये, कारण तो ओढताना खपलीही निघून येते.

रक्त थांबल्यावर पुढचे 24 तास नाक शिंकरू नये, वाकून जड वस्तू उचलू नये, फार गरम चहा किंवा जेवण टाळावे, आणि शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून शिंकावे. वारंवार त्रास होणाऱ्यांनी नाकात मिठाच्या पाण्याचे तयार थेंब घालावेत. मुलांची नखे कापलेली असावीत.

नीट दाबूनही 20 मिनिटांत रक्त थांबले नाही, पुढे वाकून बसल्यावरही ते घशात उतरतच राहिले, डोक्याला किंवा नाकाला जोराचा मार लागला असेल, किंवा माणूस पांढराफटक पडून त्याला घेरी येऊ लागली, तर रुग्णालय गाठण्यास उशीर करू नये. दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकातून रक्त आले तरी डॉक्टरांना दाखवावेच. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्या मनाने बंद करू नयेत, मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पावसाळ्यात तापासोबत नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त आले अथवा अंगावर बारीक लाल ठिपके उठले, तर डेंग्यूची शंका घेऊन लगेच तपासणी करून घ्यावी. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून रक्त आणि दुर्गंधीयुक्त शेंबूड येत असेल तर आत मणी, शेंगदाणा किंवा घड्याळाचा बटण सेल अडकलेला असू शकतो. सेल असल्यास काही तासांतच आतली त्वचा जळते. किशोरवयीन मुलाचे नाक एकाच बाजूने चोंदलेले राहून तिथूनच वारंवार रक्त येत असेल, तर नाकाच्या मागच्या भागात गाठ नाही ना, हे कान-नाक-घसा तज्ज्ञांनी पाहणे आवश्यक असते.

तज्ज्ञ बहुधा जागा बधिर करून फुटलेली रक्तवाहिनी सिल्व्हर नायट्रेटने जाळून बंद करतात. ती जागा दिसत नसेल तर नाकात पॅक, म्हणजे आतून दाब देणारी पट्टी किंवा स्पंज, भरतात आणि तो सहसा एक ते दोन दिवस ठेवतात. त्या काळात नाक चोंदते, डोके जड होते आणि तोंड कोरडे पडते. तरीही पॅक घरी ओढून काढू नये. दिलेल्या दिवशी जाऊन डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा.